रकान्याचे नावगाव

डेटा डिक्शनरी म्हणजे संशोधनासाठी गोळा केलेल्या माहितीच्या तक्त्यातील प्रत्येक रकान्याचे नावगाव सांगणारी यादी. रकान्याचे नाव काय, त्यात नेमके काय नोंदवले आहे, कोणत्या एककात, कोणती मूल्ये चालतात, कोणता आकडा कशाच्या बदली बसवला आहे, माहिती आली कुठून आणि रकाना मोकळा असेल तर त्याचा अर्थ काय, एवढे प्रत्येक रकान्यापुढे लिहिले की डिक्शनरी तयार. चाळीस रकान्यांच्या तक्त्याला हे काम एका दुपारचे असते. इतके सोपे काम कोणीही कधीही करू शकतो, म्हणून ते सहसा कोणीच करत नाही.

'डेटा'ला काही मराठी अभ्यासक 'विदा' म्हणतात. हिंदीत विदा म्हणजे निरोप. डिक्शनरी नसलेल्या तक्त्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत होते. तक्ता बनवणाऱ्या संशोधन सहायकाला दुसरीकडे नोकरी लागते, त्याला शाल-श्रीफळ मिळते, आणि पेढ्यांबरोबर माहितीचाही निरोप समारंभ उरकतो. फाइल मागेच राहते. आकडेही जागच्या जागी असतात. ते कशाचे आकडे आहेत, एवढेच तेवढे कोणाला सांगता येत नाही.

कामकाजासाठी कोश करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारात रुळलेल्या सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्याचा हेतू वेगळा होता, पण मागची जाण तीच होती. कारभार अनेक हातांनी चालतो तेव्हा कोणत्या शब्दाने काय समजायचे हे लिहून ठेवावे लागते. सतराव्या शतकातल्या दप्तराला जे लिहून ठेवावेसे वाटले, ते एकविसाव्या शतकातला संशोधन प्रकल्प 'लक्षात राहील' या दोन शब्दांवर भागवतो.

डिक्शनरीचा पहिला मुद्दा म्हणजे रकान्याचे नाव. प्रत्यक्षात आढळणारी नावे 'प्र७अ', 'वय२', 'उत्पन्न_नवे' अशी असतात. 'वय२' असेल तर 'वय१' कुठे गेले, आणि 'उत्पन्न_नवे' असेल तर जुन्या उत्पन्नात काय खोट होती, याचा खुलासा नसतो. एखाद्या रकान्याचे नाव नुसतेच 'तपासणे' असते. ती सूचना आहे, इशारा आहे की पश्चात्ताप, हे त्याखालच्या आकड्यांवरून कळत नाही. घरातल्या फडताळात 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात रवा आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो, तरी स्वयंपाक अडत नाही, कारण रोज डबे उघडणारे हात तेच असतात. संशोधनाचे डबे मात्र पाच वर्षांनी दुसऱ्या गावचा माणूस उघडतो आणि आत सापडेल ते फोडणीला टाकतो.

दुसरा मुद्दा एककाचा. शेतकऱ्यांच्या पाहणीत 'जमीन' या रकान्यात १.२० असा आकडा आहे असे समजू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असते. त्या हिशेबाने १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, अर्थात जवळजवळ तीन एकर. शेतकरी तोंडी सांगताना एकर-गुंठ्यांत सांगतो. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून त्याचे १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, दीड एकर. शहरातून आलेला विश्लेषक हाच आकडा दशांश समजून वाचतो तेव्हा जमीन एक एकर आठ गुंठे भरते. बांध न कोरता शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत जमीन दुप्पट करण्याची ही एकमेव रीत असावी. पुढची गंमत संगणक करतो. त्याच्या लेखी शेवटच्या शून्याला किंमत नसल्याने १.२० चे १.२ होते, आणि मग ते वीस गुंठे की दोन गुंठे हा वाद तलाठ्याकडेही सुटत नाही. डिक्शनरीत 'एकर आणि गुंठे वेगवेगळ्या रकान्यांत, गुंठे ० ते ३९' एवढी एक ओळ असती, तर कोणाचीच जमीन हलली नसती.

तिसरा मुद्दा संकेतांकांचा. उत्तरे शब्दांत लिहिण्याऐवजी आकड्यांत लिहिण्याची पद्धत आहे. एका प्रश्नावलीत १ म्हणजे हो आणि २ म्हणजे नाही असते, दुसरीत १ म्हणजे हो आणि ० म्हणजे नाही. दोन्ही फाइली एकत्र केल्या की हो, नाही आणि २ असा तिसराच पक्ष उभा राहतो. मतांच्या मोजपट्टीवर तर याहून बहार असते. १ म्हणजे 'पूर्ण सहमत' की 'पूर्ण असहमत', हे लिहून ठेवले नसेल तर अख्खा गाव नव्या योजनेवर खूष आहे की संतापलेला आहे, हे विश्लेषकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते. दोन्ही निष्कर्षांना आलेख मात्र सारखेच देखणे निघतात.

संकेतांकांतला सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे 'माहिती नाही' यासाठी वापरलेला आकडा. वय कळले नाही तर ९९ किंवा ९९९ लिहिण्याची जुनी प्रथा आहे. माणसाला तो आकडा पाहून शंका येते. संगणक सश्रद्ध असल्याने त्याला येत नाही. दहा आजोबांपैकी नऊ जण सत्तर वर्षांचे आणि दहाव्याच्या नावापुढे ९९९ असेल, तर सरासरी वय १६२.९ निघते. निदान अशी चूक डोळ्यांत भरते. ९९ ची भरत नाही, कारण नव्व्याण्णव वर्षांचे आजोबा असू शकतात, आणि गावात तर त्यांचा सत्कारही झालेला असतो. म्हणून नियम असा की 'माहिती नाही'साठी असा आकडा निवडावा जो खरा असूच शकत नाही, आणि तो डिक्शनरीत लिहावा. पहिली अट पाळणारे पुष्कळ भेटतात. दुसरी पाळायची त्यांच्या लक्षात राहणार असते.

मोकळा रकाना हा तर मराठी माणसाच्या 'बघू'सारखा असतो. त्याचे किमान पाच अर्थ होतात. प्रश्न विचारलाच नाही, विचारला पण उत्तर दिले नाही, प्रश्न त्या व्यक्तीला लागूच नव्हता, उत्तर शून्य होते म्हणून लिहिले नाही, किंवा तो कागद पावसात भिजला. मुले किती, या प्रश्नापुढची मोकळी जागा अविवाहित मुलीची असू शकते, अपत्य नसलेल्या जोडप्याची असू शकते, आणि 'आता काय मोजायची' म्हणून उठून गेलेल्या आजीचीही असू शकते. चांगली डिक्शनरी या पाचांना पाच वेगळे संकेतांक देते. बाकीच्या तक्त्यांत या सगळ्यांना एकाच पंगतीला बसवून शून्य वाढले जाते.

तारखांचे दुखणे स्वतंत्र आहे. ०५/०६/२०१९ ही तारीख भारतात ५ जून आणि अमेरिकेत ६ मे असते. महिन्याच्या तेरा तारखेपासून घोटाळा उघडा पडतो, कारण तेरावा महिना अधिक मासाच्या वर्षातही इंग्रजी कॅलेंडरात येत नाही. पहिले बारा दिवस मात्र कोणाला काही कळत नाही. यावर तोडगा म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा आंतरराष्ट्रीय संकेत, आयएसओ ८६०१, १९८८ सालापासून उपलब्ध आहे. एक्सेलची कथा याहून रंगतदार. आतल्या आत ते तारीख म्हणजे एका ठरलेल्या दिवसापासूनचे दिवस मोजते. हा आरंभ एका पद्धतीत १९०० चा आणि जुन्या मॅकवरच्या पद्धतीत १९०४ चा. त्यामुळे एका फाइलीतली तारीख बेसावधपणे दुसरीत चिकटवली की माणसाच्या वयात चार वर्षे आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो. शिवाय १९०० हे लीप वर्ष नसताना एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी साजरी करते. ही चूक लोटस १-२-३ या आधीच्या लोकप्रिय प्रणालीत होती, आणि तिच्याशी जुळवून घेण्यासाठी ती जाणूनबुजून ठेवली गेली. थोरल्या घरातली वाईट चाल मोडू नये, अशातलाच हा प्रकार.

एक्सेलच्या तारीखप्रेमाचा खरा तडाखा जनुकशास्त्राला बसला. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सेप्ट २' अशी होती. ती तक्त्यात टाइप केली की एक्सेल न विचारता त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकी. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये एका अभ्यासाने दाखवले. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने हार मानली, आणि २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार 'मार्च' कुळातल्या जनुकांचे 'मार्चएफ' आणि 'सेप्ट' कुळातल्यांचे 'सेप्टिन' असे नव्याने बारसे झाले. लाखो वर्षे टिकलेल्या जनुकांना ऑफिसातल्या एका तक्त्यासाठी नाव बदलावे लागले. रकान्याचा प्रकार 'मजकूर, तारीख नव्हे' असा डिक्शनरीत लिहून फाइल उघडताना तसाच ठरवून द्यायचा असतो तो याचसाठी.

एकक, संकेतांक आणि तारखा जमल्या तरी व्याख्या उरतात, आणि विनोदाचा मुख्य साठा तिथेच आहे. 'कुटुंब' हा साधा शब्द घ्यावा. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे. एका वाड्यात दोन भाऊ राहतात, पण गेल्या दिवाळीपासून जावांचे पटत नाही आणि चुली दोन झाल्या, तर कुटुंबे दोन. गणतीदार येईपर्यंत समेट झाला तर कुटुंब एक. 'काम' या शब्दाचेही तसेच. पाहणी करणारा विचारतो, 'तुम्ही काय करता?' घरातली बाई सांगते, 'काही नाही, घरीच असते.' हे ती गोठ्यातून भरलेली कासंडी घेऊन येताना सांगते. २०११ च्या जनगणनेच्या व्याख्येनुसार घरापुरत्या दुधासाठी गुरे सांभाळणे हेही काम आहे, म्हणजे ती बाई कामगार आहे. त्याच दुधाचा चहा करणे मात्र काम नाही. रकान्याचे नाव 'काम' एवढेच असेल तर गोठा आणि चूल यांच्यामधली ही सीमारेषा वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि तो गावातल्या निम्म्या बायका रिकाम्या असल्याचे छापून मोकळा होतो.

माहिती आली कुठून, हा मुद्दाही व्याख्येइतकाच महत्त्वाचा. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे पैशाला पासरी भेटतात. त्या दिवशी पूर्वी काही विशेष मुहूर्त नसे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख कोणाला ठाऊक नसली की गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. तोंडी विचारलेली वयेही अशीच ० आणि ५ या अंकांभोवती गोळा होतात. माणसे चाळीस किंवा पंचेचाळीसची असतात, त्रेचाळीसची क्वचितच. ही ओढ किती, हे मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक नावाचे मापच आहे. म्हणून 'वय' या रकान्यापुढे ते तोंडी विचारले, दाखल्यावरून घेतले की जन्मनोंदणीवरून, हे लिहावे लागते. नाहीतर जूनच्या पहिल्या तारखेला जन्मदर का उसळतो, यावर एखादा होतकरू विद्यार्थी पीएचडी करून बसेल.

स्थळांची नावेही स्थिर नसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. २०११ च्या तक्त्यातला ठाणे जिल्हा आणि २०१५ च्या तक्त्यातला ठाणे जिल्हा ही नावाने एक, अंगाने दोन माणसे आहेत. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तर चार वर्षांत ठाण्याचे आदिवासी कुठे नाहीसे झाले, असा खळबळजनक प्रश्न पडतो. ते आपापल्या घरीच असतात, रेघ तेवढी हललेली असते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा घडले ते उलट. जमीन तीच, नाव नवे, आणि संगणकाच्या हिशेबी जिल्हे वाढले. डिक्शनरीत नावाशेजारी संकेतांक आणि 'कोणत्या तारखेच्या हद्दीप्रमाणे' ही टीप असली की दोन्ही प्रकरणे मिटतात.

या साऱ्यावर डिक्शनरी किती उपयोगी पडते, याचे मोठे उदाहरण मुंबईतच आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी पहिल्या म्हणजे १९९२-९३ च्या फेरीपासून आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरे, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुषांची माहिती नोंदली गेली. ती वापरणारे अभ्यासक जगभर आहेत, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही त्या घरांत पाऊल ठेवलेले नाही. त्यांच्या हातात रकाने येतात ते 'व्ही ०१२', 'व्ही ०२५' अशा नावांचे. पहिल्यात बाईचे पूर्ण वर्षांतले वय, दुसऱ्यात १ म्हणजे शहरी आणि २ म्हणजे ग्रामीण. मुलाची उंची १०५३ दिसते, कारण शेवटच्या अंकाआधीचे दशांशचिन्ह गृहीत धरायचे असते. ते मूल १०५.३ सेंटिमीटरचेच आहे. जन्म महिन्यांत मोजला जातो, जानेवारी १९०० हा पहिला महिना. जून १९८८ चा जन्म असेल तर तिथे १०६२ लिहिलेले असते. या आकड्यावरून पत्रिका मांडायला कोणी गुरुजी तयार होणार नाहीत.

त्याच फाइलीत 'व्ही ००५' नावाचा भारांक आहे. नमुन्यातल्या एका बाईच्या उत्तराला इतरांच्या तुलनेत किती वजन द्यायचे, हे तो सांगतो, आणि वापरण्यापूर्वी त्याला दहा लाखांनी भागायचे असते. भागायचे राहिले तर सव्वासात लाख स्त्रियांच्या सुमारे बहात्तर हजार कोटी होतात आणि पृथ्वीवर उभे राहायला जागा उरत नाही. हे सगळे सर्वेक्षणाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत रकान्यागणिक लिहिलेले आहे. ते वाचून घेणाऱ्याला सात लाख अनोळखी स्त्रियांबद्दल बिनचूक बोलता येते. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने केलेल्या दोनशे जणांच्या पाहणीबद्दल मात्र बोलता येत नाही, कारण तो सहकारी सध्या रजेवर असतो.

डिक्शनरी करण्याची रीत सोपी आहे. तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला डिक्शनरीत एक ओळ द्यावी. गणिताने काढलेला रकाना असेल तर सूत्र लिहावे. बदल झाला की तारीख टाकून लिहावा. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवावी, म्हणजे दहा वर्षांनी ती उघडायला जुने यंत्र शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावे लागत नाही. आणि ती डेटाच्या शेजारीच ठेवावी. कुलपाची किल्ली दुसऱ्या गावी ठेवण्यात सुरक्षितता असते हे खरे, पण दार उघडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिक्शनरी माहिती गोळा करण्याआधी लिहावी. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली, वैद्यकीय संशोधनात वापरली जाणारी रेडकॅप ही प्रणाली याला सुरेख मदत करते. तिथे डिक्शनरीची फाइल चढवली की त्यातूनच प्रश्नावलीचा फॉर्म तयार होतो. वयाची मर्यादा ० ते ११० लिहिली असेल तर कोणी ९९९ टाइप करताच फॉर्म तिथल्या तिथे हटकतो. एरवी हे हटकणे शोधनिबंधाचा परीक्षक करतो, आणि त्याची भाषा इतकी सौम्य नसते.

एवढे करूनही डिक्शनरी पाळली नाही तर ती भिंतीवरच्या 'रांगेत उभे राहा' या पाटीसारखी शोभेपुरती उरते. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे निघाले. यानाच्या धक्क्यांची आकडेवारी न्यूटन-सेकंदांत द्यावी, असे दोन संगणक प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या लेखी कागदपत्रांत स्पष्ट नमूद होते. जमिनीवरच्या एका प्रणालीने ती पौंडांच्या मापात दिली. फरक सुमारे साडेचार पटींचा. आकडे दिसायला आकड्यांसारखेच असल्याने एकक कोणी वेळेत पडताळले नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले आणि सुमारे साडेबारा कोटी डॉलरच्या किमतीसह नाहीसे झाले. तिथे डिक्शनरी होती. ती उघडून पाहण्याचे काम कोणाच्याच रकान्यात नव्हते.

डिक्शनरी पुरी झाली की नाही, हे ठरवण्याची कसोटी एकच आहे. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला तक्ता आणि डिक्शनरी द्यावी, स्वतःचा फोन नंबरही द्यावा, आणि वाट पाहावी. फोन आला तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देऊ नये. ते डिक्शनरीत लिहावे.